करमणूक केंद्राचं भगदाड

भिंत बांधून झाली होती आणि मी तिच्याकडे बघत उभा होतो. माझं हे नेहमीचंच आहे. लोक सूर्यास्त बघत उभे राहतात, मी ओलं प्लास्टर बघत उभा राहतो. आमच्या डहाणूच्या करमणूक केंद्राच्या मागच्या कंपाउंडला कित्येक वर्षांपासून एक भगदाड होतं, माणूस जरा पाय उचलून सहज आत शिरेल एवढं. ते मी सकाळपासून गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून बुजवून घेतलं होतं. गवंडी हातपाय धुवायला पुढच्या नळावर गेला होता. आत मी, माझी भिंत आणि दिवाळीनंतरचं बेताचं ऊन.

तेवढ्यात भिंतीवरून एक पिशवी आली. आधी तिचे बंद दिसले, मग ती भिंतीच्या माथ्यावर क्षणभर टेकली आणि घसरून थेट माझ्या पायाशी पडली. तिच्यातून मेथीची जुडी बाहेर आली आणि जुडीच्या मागोमाग टेबल टेनिसची बॅट. बॅट कोणाची ते मला माहीत नव्हतं. पिशवी मात्र मी ओळखली. ती माझ्या जुन्या तपकिरी पँटची होती. त्या पँटचा मागचा खिसा पिशवीला बाहेरून तसाच राहू दिलेला आहे, घराची किल्ली ठेवायला, आणि असा खिसा असलेली पिशवी अख्ख्या डहाणूत एकच आहे.

मग ओल्या प्लास्टरवर दोन हात टेकले आणि हातांच्या मधून बायकोचा चेहरा वर आला.

"अहो," ती म्हणाली, घरी पेपर वाचत बसलेल्या माणसाला हाक मारावी तितक्या शांतपणे. "ही भिंत कोणी घातली?"

विचार करायला वेळ मिळाला असता तर मी गवंड्याचं नाव घेतलं असतं. तो मिळाला नाही. "मी," मी म्हणालो.

भिंतीपलीकडून आणखी दोघीतिघींचे आवाज आले. एक हसली, एकीने गुजरातीत काहीतरी विचारलं. बायको ज्यावर उभी होती तो चिकूचा रिकामा क्रेट असावा, कारण तो करकरला आणि चेहरा भिंतीखाली गेला. आवाज तेवढा वर आला. "ती मेथी घरी नेऊन पाण्यात ठेवा. आणि बॅट कोणाला दाखवू नका."

गवंडी परत आला तेव्हा मी एका हातात मेथी आणि दुसऱ्या हातात बॅट घेऊन उभा होतो. त्याने प्लास्टरवरच्या दहा बोटांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. थापी मारू का, एवढंच म्हणाला. मी नको म्हणालो. का नको म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आता हे पहिल्यापासून सांगायला हवं. माझं घर डहाणूत आणि नोकरी तलासरीत. एका सरकारी खात्याच्या बांधकाम शाखेत मी अभियंता आहे. अभियंता म्हटल्यावर धरण, पूल असं काही डोळ्यांसमोर आणू नका. मी कंपाउंडं घालतो. शाळांना, दवाखान्यांना, गोदामांना, एकदा तर एका वडाच्या झाडाला. आमच्याकडे कामाची एक पद्धत आहे. एखाद्या जागेचं काय करावं हे कोणालाच सुचेनासं झालं की तिला आधी कंपाउंड घालायचं. त्याने काहीतरी झाल्यासारखं वाटतं, फोटोही चांगला येतो, आणि जागेचा प्रश्न भिंतीच्या आत सुरक्षित राहतो.

करमणूक केंद्राचा प्रश्न असाच होता. जागा सार्वजनिक, इमारत सार्वजनिक, म्हणून काळजीही सार्वजनिक, म्हणजे कोणाचीच नाही. मी शाळेत होतो तेव्हा तिथे जायला रांग असायची. कॅरमची खोली, वाचनालय, मागे पत्र्याचा मोठा हॉल आणि हॉलच्या बाजूला पोहण्याचा तलाव, ज्यात माझ्या आठवणीत पाणी फक्त पावसाळ्यात असायचं आणि पोहायचे ते बेडूक. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना तलाव कशासाठी बांधला, हे तेव्हाही कोणी विचारलं नाही. आता खाऱ्या हवेने खांबांच्या सळया फुगल्या आहेत, स्लॅबचे पोपडे निघतात, आणि कॅरमच्या खोलीत बोर्ड कमी आणि वाळवी जास्त आहे.

तर ह्या केंद्राचं पुढे काय करायचं, हे ठरवायला एक छोटी समिती नेमली गेली. अध्यक्ष आमचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांच्यासमोर मी आजही हाताची घडी घालतो. दुसरे चिकूचे एक व्यापारी, ज्यांना सगळे शेठ म्हणतात. आणि बांधकामातलं कळतं म्हणून मी. समितीपुढे दोन रस्ते होते. एक, इमारत पाडायची, खाली दुकानं काढायची आणि वर लग्नाचा हॉल; शेठचा कल इकडे. दोन, आहे ती डागडुजी करून चालवायची. मुख्याध्यापकांचं म्हणणं सरळ होतं. लोक येत असतील तर चालवू. येत नसतील तर कोणासाठी चालवायची? येतात की नाही ते बघण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी ते मनापासून केलं. आधी रविवारी बसलो, मग रजा काढून आठवड्याच्या मधल्या वारीही बसलो. पुढच्या फाटकाशी खुर्ची टाकून, समोरच्या टपरीवरचा चहा पीत, मी येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवलं. सकाळी पेपर वाचायला चार म्हातारे येत. नंतर एक बकरी. मग कोणी नाही. टपरीवरची मंडळी मला रोज विचारायची, काय साहेब, आज कोण आलं? आणि आम्ही सगळे मिळून त्या रिकाम्या फाटकाकडे बघत बसायचो.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण तीच ह्या सगळ्याचा कळस आहे. बाराच्या सुमाराला हॉलच्या बाजूने टक टक, टक टक असा आवाज यायचा. मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मी समितीला कळवलं की हॉलचे पत्रे सैल झाले असून वाऱ्याने वाजतात. एका रविवारी आत जाऊन पाहणीही केली. सगळीकडे बोटभर धूळ आणि मधोमध टेबल टेनिसचं टेबल, लख्ख पुसलेलं. ते पाहून मी म्हणालो, टेबल चांगल्या स्थितीत आहे, वापर दिसत नाही. असा माणूस आमच्या खात्यात अभियंता होतो.

घरी जेवताना मी हे सगळं सांगत असे. बायकोने एकदा वरण वाढता वाढता हात थांबवून विचारलं, "मग पाडणार का ते?" मी म्हणालो, कुत्रंसुद्धा फिरकत नाही गं तिथे, ठेवून करायचं काय. तिने वरण वाढलं. नंतर मला आठवलं की त्या दिवशी तिने ते मी पुरे म्हटल्यावरही वाढलं होतं.

निकाल लागेपर्यंत निदान गुरं तरी आत येऊ नयेत म्हणून मागचं भगदाड बुजवून टाकावं, असं मीच सुचवलं आणि ते काम मीच अंगावर घेतलं. त्या दिवशी घरातून निघताना केंद्राचं जरा काम आहे एवढंच म्हणालो होतो. तिला वाटलं, बसेल हा नेहमीसारखा पुढे फाटकाशी, चहा पीत.

त्या संध्याकाळी ती पडवीत बसून चिंचेने बोटांवरचं सिमेंट घासून काढत होती आणि मी शेजारी पाण्याचा तांब्या धरून बसलो होतो. तेव्हा मला थोडं थोडं कळत गेलं. आमची मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि त्याच वर्षी माझी आई गेली. आईचं सगळं अंथरुणातच होतं, आणि ते सगळं हिनेच केलं होतं. आई गेल्यावर घर एकदम ऐसपैस झालं. एक दिवस भाजी घेऊन मागच्या गल्लीतून येताना केंद्राच्या भगदाडातून तिला दोन बायका आत शिरताना दिसल्या. ती सहज डोकावली. मग रोजच डोकावायला लागली. चारपाच जणी असायच्या. एक शिक्षिका, सकाळची शाळा सुटली की आशागडहून रिक्षाने यायची. एक मासळी विकून रिकामी पाटी घेऊन यायची. पाटी, पिशव्या भिंतीच्या खिळ्यांना लटकवायच्या आणि तासभर खेळायचं. टेबलाचा अर्धा भाग दमट हवेने फुगलाय, तिथे चेंडू उसळतच नाही, म्हणून प्रत्येक डावाला बाजू बदलायची. हे सांगताना तिचा चेहरा मी पाहिला. एवढ्या तपशिलाने तिने मला कधी काही सांगितलं नव्हतं, पाहुण्यांच्या लग्नातल्या जेवणाचा अपवाद सोडला तर.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला सोडायला आला असता," ती म्हणाली. "स्कूटरवरून. मग चार दिवसांनी बॅट कशी धरायची ते शिकवलं असतं."

हे इतकं खरं होतं की मी तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

मग मी म्हणालो, पण पुढच्या फाटकाने यायचं ना उजळ माथ्याने. त्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं त्यात दया जास्त होती. पुढच्या फाटकाशी टपरी आहे. टपरीवरचा प्रत्येक माणूस ओळखीचा आहे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न येतो, काय वहिनी, कुठे निघालात? आणि फाटकावर एवढी मोठी पाटी, करमणूक केंद्र. दिवसाउजेडी, घरातलं काम टाकून, चार माणसांसमोर, करमणुकीला निघाले म्हणून सांगायचं? भाजीला निघालेल्या बाईला वाटेत काही लागलं तर ती गोष्ट वेगळी. भाजी तर आणलीच जाते.

मला हसू आलं आणि मग यायचं थांबलं. कारण मी स्वतः जन्मभर डहाणूत राहतोय, पारनाक्यावर जाऊन समुद्राकडे बघत बसणं ही माझी सगळ्यांत आवडती गोष्ट, आणि मी आजवर एकदाही घरात 'समुद्रावर बसून येतो' असं म्हटलेलं नाही. मी म्हणतो, स्कूटरमध्ये हवा भरून येतो. आमच्या स्कूटरच्या चाकांत डहाणूत सर्वांत जास्त हवा असेल. आम्ही सगळी अशीच माणसं. सुख अंगावर आलं तर नको म्हणत नाही, पण त्याच्यासाठी खास निघालो असं कोणी पाहता कामा नये.

"उद्या पाडून टाकतो भिंत," मी म्हणालो.

"आणि समितीला काय सांगाल? बायको खेळते म्हणून?" तिने हात पुसले. "नाव कोणाचंच घ्यायचं नाही. एकीच्या घरी कळलं की सगळ्यांच्या घरी कळेल. मग कोणी नको म्हणणार नाही, तसे वाईट नाहीत कोणी. पण मग विचारतील. किती वाजता येणार, आज कोण जिंकलं, रोजच जायला हवं का." थोड्या वेळाने ती म्हणाली, "घरात माझ्या हातून काही चुकलं की कोणाचं तरी अडतं. तिथे चुकलं तर नुसता चेंडू जातो. एवढंच आहे ते. फार काही नाही."

फार काही नाही, हे तिने ज्या सुरात म्हटलं त्याने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मेथीची भाजी होती.

असा मी अडकलो. इमारत वाचवायची तर माणसं येतात हे सांगायला हवं. कोण येतं हे सांगितलं तर ती येणार नाहीत. आणि भिंत तर मी घालून बसलेलो. पुढचे दिवस बायको बाराच्या सुमाराला घरीच असे आणि तिने घर आवरायला काढलं. माळे झाले, डबे झाले, मग माझं कपाट. सुट्टीच्या दिवशी मी ते पाहत होतो. माझे जुने नकाशे तिने इतक्या नीट लावले की त्यातला एकही मला परत सापडला नाही.

त्याच सुमाराला मी तलासरीच्या पूर्वेकडे, डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर शाळेच्या कामाला गेलो. तिथलं कंपाउंड माझंच. पुढे कमान आहे, लोखंडी फाटक आहे, रंगही टिकलाय. मागच्या बाजूला वरच्या घरांकडून नागलीच्या शेतात उतरणारी एक पायवाट होती. मी भिंत घातली तेव्हा ती वाट भिंतीत गेली. पुढच्याच वर्षी लोकांनी बरोबर त्या जागी भिंतीचे वरचे दगड उतरवले आणि दोन्ही अंगांना पायऱ्यांसारखे रचून ठेवले. दरवेळी पाहणीत मी ते बघायचो आणि मोडतोड झाल्याचं सांगायचो. एकदा दुरुस्तीही करून घेतली. दगड पुन्हा उतरले.

त्या दिवशी मी फाटकाकडे वळलो तेव्हा शेजारच्या घरातला शेतकरी, ओळखीचाच, अंगणातून म्हणाला, "इकडून या ना साहेब. तिकडून लांब पडतं." तो दरवेळी असंच म्हणतो. मी दरवेळी हसून फाटकाने जातो, कारण फाटक मी बांधलंय. ह्या वेळी मी दगडांवरून गेलो. दगड पक्के बसवलेले होते, एकही हलला नाही. त्याच्या अंगणात चहा झाला. तो पोराच्या लग्नाबद्दल बोलत होता आणि माझं लक्ष त्या पायऱ्यांवर होतं. अंगणात बसलो होतो तेवढ्या वेळात तिथून गवताचा भारा घेतलेली बाई गेली, दोन पोरं गेली, शाळेतल्या बाई चक्क पर्स सांभाळत उतरल्या. फाटकाला कोणी हात लावला नाही. मोडतोड कसली, त्या शाळेचा दरवाजा तोच होता. मी नुसती कमान चुकीच्या ठिकाणी उभी केली होती, आणि नोकरीत अशा किती कमानी उभ्या केल्या असतील ते आठवण्याचं मी टाळलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी शेठच्या वखारीत गेलो. सांगायला निमित्त होतं, बैठकीची वेळ विचारायची. शेठ बाकड्यावर बसून चिकूची निवड बघत होते, मोठे एका बाजूला, बारके एका बाजूला. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि एक पिकलेला चिकू हातात दिला. मग म्हणाले, "साहेब, हल्ली आमच्या घरी भाजी लवकर येते."

मी चिकू खाणं थांबवलं.

"पहिले भाजीला टाइम लागायचा. आता गेली की आली. आणि किचनमध्ये भांडी लय वाजतात." त्यांनी एक चिकू दाबून पाहिला आणि बारक्यात टाकला. "तुमच्याकडे?"

"आमच्याकडे कपाटं आवरतायत," मी म्हणालो.

शेठनी मान हलवली. "मला काय माहीत नाय. मी विचारलं नाय, ती बोलली नाय. पण भाजी घेऊन आली की गाणं बोलायची. आता नाय बोलत. रोज विचारते, भिंत कोणी घातली."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"बोललो, साहेबांनी."

म्हणजे शेठना ठाऊक होतं. मग मला हळूहळू जाणवलं की टपरीवाल्यालाही ठाऊक असणार, रिक्षावाल्यांना असणार, पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी निदान दोघांना तरी असणार. अख्ख्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या मला, ज्याला हे शोधून काढायला नेमलं होतं. मी शेठना विचारलं, अहो मग दुकानांच्या बाजूने तुम्ही कसे होतात? ते म्हणाले, तुम्ही बोललात कोणी येत नाय. मला वाटलं, साहेबांना पण माहीत आहे आणि साहेबांना ते नको आहे. आपण कशाला मध्ये पडा.

बैठक वाचनालयात झाली. मुख्याध्यापक टेबलाच्या त्या बाजूला, आम्ही दोघे ह्या बाजूला. पहिल्यांदा मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, पण समोर ते असले की पाय आपोआप सरळ होतात. मी सांगितलं की माझी पाहणी चुकली. मी फाटकाशी बसलो होतो आणि माणसं फाटकाने येत नाहीत, ती मागून येतात. ते टक टक पत्रे नव्हते. ते टेबल टेनिस होतं. आणि येण्याची ती वाट मी स्वतः हाताने बुजवली आहे.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. शाळेत चष्मा निघाला की वर्ग गप्प व्हायचा. "बरं," ते म्हणाले. "मग येतं कोण? आपल्याला काहीतरी नाव-गाव द्यावं लागेल ना."

खिडकीबाहेर सुरूच्या झाडात वारा होता आणि मी वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलासारखा त्या झाडाकडे बघत होतो. मनात वाक्यं जुळवत होतो, परिसरातील काही नागरिक, काही हौशी खेळाडू, आणि प्रत्येक वाक्य माझं मलाच खोटं वाटत होतं.

तेव्हा शेठ बसल्या जागेवरून म्हणाले, "सर, नाव कशाला पाहिजे? तुमच्याकडे भाजी कोण आणतं?"

"सूनबाई," मुख्याध्यापक म्हणाले. "त्याचा इथे काय संबंध?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी सुरूच्या झाडाकडे. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसायला घेतला. एक काच पुसली, दुसरी पुसली, पुन्हा पहिली पुसली. त्यांची सून म्हणजे ती आशागडची शिक्षिका, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. चष्मा डोळ्यांवर गेला तेव्हा सर नेहमीपेक्षा थोडे म्हातारे आणि बरेच मऊ दिसत होते.

"हल्ली घरी लवकर येते ती," ते म्हणाले. आणि मग, "हॉलचं छप्पर किती दिवस तग धरेल?"

आमच्या गावात एखादी गोष्ट सगळ्यांना माहीत असणं आणि ती बोलली जाणं ह्यांच्यामध्ये एक भिंत असते. ती कोणी अभियंत्याने घातलेली नाही, आणि तिच्या आधाराने बरंच काही निभावतं. त्या दिवशी आम्ही तिघांनी ती जपली. सगळं मात्र ठरलं. दुकानं नकोत, दुकानं गावात पुष्कळ आहेत, असं खुद्द शेठच म्हणाले. आधी हॉलचे पत्रे आणि खांब. टेबल नवं. तलाव मातीने भरून टाकायचा, बेडकांची माफी मागून. वाचनालय तूर्त आहे तसं. मला विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं की ही इमारत फार वर्षांची नाही. समुद्राची हवा थांबवता येत नाही आणि आतली सळई एकदा फुगायला लागली की फुगतच जाते. पुढे कधीतरी ती पाडावीच लागेल. पण तेव्हा नवीन बांधताना नकाशावर पहिली रेघ भिंतीची नको, वाटेची ओढू, हे मी बैठकीत म्हणालो. मुख्याध्यापकांनी मला बसायला सांगितलं, पण चांगल्या आवाजात.

मागच्या भिंतीला नीट दार करायचं हेही ठरलं आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. इथे मी थोडा वाहवलो. एक तर चूक निस्तरायची होती, आणि दुसरं, नोकरीत पहिल्यांदाच भिंत पाडायला मिळत होती. तोच गवंडी बोलावला. त्याने घण उचलला आणि ज्या भागात ती दहा बोटं होती तेवढा तुकडा न सांगता बाजूला राखला. तो अजून दाराशेजारी आहे. मी साधं दार करणार होतो. पण मग वाटलं, दाराला छोटी कमान शोभेल. कमान झाल्यावर वाटलं, रंग हवा. रंग झाल्यावर बाजूला मोकळी जागा दिसायला लागली. तेव्हा मी पाटी रंगवून आणली, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, 'महिलांसाठी स्वतंत्र प्रवेशद्वार', आणि स्वतः हातोडी मारून दाराशेजारी मोठ्या खिळ्याला अडकवली. गल्लीच्या टोकावरून स्वच्छ वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला ती दाखवायला घेऊन गेलो. स्कूटरवरून नाही, चालत. तिच्या हातात माझ्या पँटची पिशवी होती. तिने दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं, कडीला तेल आहे का तेही पाहिलं. बोटांच्या ठशांवर एकदा हात ठेवला. मग दोन पावलं मागे जाऊन पाटी वाचली. नंतर गल्लीच्या टोकाकडे पाहिलं, तिथे एक रिक्षावाला रिक्षा थांबवून तीच पाटी वाचत होता.

"दार छान झालंय," ती म्हणाली. "आता तेवढी पाटी काढा, म्हणजे आम्हाला येता येईल. खिळा राहू द्या. पिशवी अडकवायला होईल."